उंबरटेकचा कौल

गुरव बाईंचं नाव आधी घेतो. आटपाडीच्या शाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर मी मेंढरांमागे जाणार, हे घरात बोलून न दाखवताच ठरलेलं होतं. बाईंनी वडिलांशी वाद घातला नाही. एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या, मला एसटीत बसवलं, सांगलीला नेलं आणि माझा प्रवेश होईपर्यंत मांडीवर डबा घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिल्या. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तो व्हरांडा मला रोज आठवतो.

बाईंचं माहेर पाटणच्या डोंगरात, उंबरटेक नावाच्या वाडीत. फळ्यावर कोयना काढताना त्या सांगायच्या, "आमच्याकडे पावसात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं." आम्ही माणगंगेच्या कोरड्या वाळूत खेळणारी मुलं, आम्हाला ती थाप वाटायची. आता बाई निवृत्त झाल्यात, आटपाडीतच राहतात आणि त्यांना ऐकू फार कमी येतं.

पूर आणि दरडींच्या तोंडावर असलेल्या गावांनी आधीच काय तयारी करायची, हे गावकऱ्यांबरोबर बसून ठरवणाऱ्या एका लहान संस्थेत मी काम करतो. या आषाढात मला आधी कृष्णाकाठच्या एका गावी आणि मग पाटण तालुक्यात जायचं होतं. निघण्याआधी बाईंना भेटायला गेलो. पाटणचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"उंबरटेकच्या वरचा डोंगर फुटलाय म्हणतात," त्या म्हणाल्या. "पावसाळाभर खालच्या शाळेत राहायला जा, अशी नोटीस आलीय. वाडी हलत नाही, कारण आमचा नाना हलत नाही. फोनवर मी त्याला सांगते. तो काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, आणि त्याचा तो फायदा घेतो."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलू नकोस. खाली आण. नाना आला की बाकीची येतील."

बाईंनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी दिलेली डाळिंबांची पिशवी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन मी निघालो, तेव्हा आटपाडीत स्वच्छ ऊन होतं आणि पश्चिमेला आभाळ काळं झालेलं होतं.

कृष्णाकाठ

पलूसच्या खाली उतरलं की ऊस सुरू होतो आणि क्षितिज संपतं. आमच्याकडे माळावर चालणारा माणूस लांबून ओळखू येतो. इथे शेजारच्या सरीतल्या माणसाचा फक्त खोकला ऐकू येतो. गाव नदीच्या वळणात होतं, तिन्ही बाजूंनी पाणी. माझा मुक्काम सर्जेरावांकडे होता. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता गावाच्या बोटीचं आणि पुराच्या तयारीचं काम त्यांच्याकडे आहे. मी पोचलो तेव्हा ते घाटावर उभे होते. तो घाट आहे, हे मला सांगितलं म्हणून कळलं. पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि नदी आवाज न करता वेगाने चालली होती. तो वेग बघून मी दोन पावलं मागे सरलो.

"पावणं, पवायला येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कुठलं म्हणायचं?"

"आटपाडी."

"मग कुठनं येणार. तुमच्यात पवायचं म्हंजे आदी पानी हुडकाय पायजे." आजूबाजूचे हसले. मग ते गंभीर झाले. "वरनं धरणाचं पानी सोडायचं चाललंय. त्याच्या आत गाव मोकळं कराय लागतंय."

मागच्या मोठ्या पुराची गोष्ट त्यांनी मला तिथेच सांगितली. बोट घराच्या माडीला लागली होती, पण माणसं बोटीत यायला तयार नव्हती. "माझी सख्खी चुलती. मी बोटीत हुबा, हात फुडं केला. तिनं हात मागं घेतला. म्हणती, म्हशीला घेतोस का ते बोल. बोटीत म्हस कशी घ्यायची? ती माडीवर बसून ऱ्हायली. दुसऱ्या खेपंला गेलो तवा पानी तिच्या मांडीला लागलं हुतं. वाचली, पर त्या दोन खेपांच्या मधी माझं जे झालं ते फौजंत बी कवा झालं न्हवतं."

त्यानंतर गावाने एक गोष्ट ठरवली: आधी जनावरं, मग माणसं. खानापूरच्या बाजूला वरच्या माळावर ज्या गावांशी यांची ओळख, त्यांच्या गोठ्यात यांच्या म्हशी जातात. उन्हाळ्यात त्या माळावर चारा नसतो, तेव्हा तिकडची जनावरं इकडे उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, येतात. हे ऐकून मला घरची आठवण झाली. आमच्या वडिलांनीही चाऱ्यासाठी असाच नदीकाठ धरलेला. पाणी नाही म्हणून आम्ही जिकडे यायचो, तिथून पाणी फार झालं म्हणून हे लोक आमच्याकडे निघाले होते.

दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या. बायका म्हशींच्या कपाळाला कुंकू लावत होत्या, जसं मुलीची पाठवणी करताना लावतात. सर्जेरावांच्या चुलतीची म्हैस फळीवर पाय ठेवीना. मी मागून जोर लावला. म्हैस एकदम पुढे झाली आणि मी तोंडावर चिखलात.

"घ्या," कोणीतरी म्हणालं, "आटपाडीला पानी मिळालं."

मीही हसलो. पण हसताना सगळ्यांचं लक्ष नदीकडे होतं. मघाशी कोरडा असलेला चिंचेचा बुंधा आता पाण्यात उभा होता.

ट्रॉल्या वळणापलीकडे गेल्या आणि मग मी जे पाहिलं ते विसरणार नाही. कोणी दवंडी दिली नाही, भोंगा वाजला नाही. एकेका घरातून पत्र्याच्या पेट्या बाहेर यायला लागल्या, कड्या-कुलपं लागली. चुलती स्वतः गाठोडं काखेत मारून सर्जेरावांपुढे उभी राहिली. "आमची गाडी कवा यायची रं?"

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत? म्हस गेली की माणसाचं चित्त घरात ठरत न्हाई."

त्या संध्याकाळी आम्ही वरच्या शाळेच्या पडवीत जेवलो: ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि बाईंची शेंगदाण्याची चटणी. चटणी सगळ्यांना एवढी आवडली की पुडी तिथेच संपली. गाव रिकामं झालं होतं आणि पाणी अजून घरांना लागलं नव्हतं. मला वाटलं, आता पाटणचं कामही असंच होईल. माझं ते वाटणं पुढे फार टिकलं नाही.

कराड

गाडी बदलायला कराडला उतरलो आणि संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात. बाईंनी हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढलेलं मला आठवत होतं. आज रंग एकच होता, गढूळ. पण कोयनेकडून येणाऱ्या पाण्यात लाकडं होती, मुळासकट उपटलेली झुडपं होती, एक अख्खं केळीचं झाड होतं.

कठड्याशी एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. "कोयना आज जोर करतीया," ते स्वतःशीच म्हणाले. "वर डोंगरात काय चाललं आसंल कुणास ठावं."

मी लगेच स्टँडकडे निघालो. वरून जे वाहून येत होतं, त्यात एखादं घराचं लाकूड दिसेल या भीतीने मी तिथे जास्त थांबू शकलो नाही.

उंबरटेक, पहिला दिवस

माणसं भरून नेणारी वडापची जीप जिथवर जाते तिथे खालची शाळा आहे. तिथून ओढा ओलांडून वाडीपर्यंत चढ. पोलीस पाटील उत्तमराव डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन माझी वाट बघत होते. ते काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. त्यांनी ओरडून सांगितलं, "म्हटलं, पाय बघून टाका." पाऊस इतका मोठा होता. बाईंची ती थाप नव्हती, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

चढताना मी डोंगराकडे बघत होतो. धुक्यात वाडी त्याच्या पायाशी अशी बसली होती, जसं लेकरू आईच्या मांडीशी बसावं. बाहेरच्या माणसाला ते सुंदर दिसलं असतं. मला मात्र वाडीच्या वर, गवतात, आडवी गेलेली एक काळी रेघ दिसली.

बाईंचे भाऊ नाना. वाडीतल्या उंबराई देवीचे गुरव, म्हणजे देवळातली पूजा आणि दिवाबत्ती पिढ्यानपिढ्या यांच्याच घरात. बाई मला आईच्या जागी, म्हणून मी त्यांना नानामामा म्हणू लागलो. मामींनी दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली, मला चुलीजवळ बसवलं. घरात जिथे जिथे गळत होतं तिथे तिथे पातेलं, कळशी, परात मांडलेली. आमच्याकडे पाऊस आला की भांडी अंगणात पळतात. इथे ती अंगणातून आत आली होती.

नानामामांनी डाळिंब हातात घेऊन फिरवलं. "ताईनं धाडलं? तिकडच्या खडकात बी फळ येतंय म्हणायचं."

"येतं की. पाण्याचं मोजमाप असतं एवढंच."

"आमच्यात मोजायचं कामच न्हाई. आभाळ हाय तवर पडतंय."

मामींनी नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा वाढला. मी नांगी हातात घेऊन बसलो, फोडायची कशी ते कळेना. "मेंढरांच्या मुलखातलं हाय ते," मामी नवऱ्याला म्हणाल्या, "त्याला नांगी काय ठावं. द्या हिकडं." त्यांनी दाताखाली फोडून दाखवली. इतकं चविष्ट मी फार दिवसांत खाल्लं नव्हतं, आणि खाताना सारखं वर कौलांकडे बघत होतो.

जेवल्यावर मी, उत्तमराव आणि नानामामा वर गेलो. ती रेघ म्हणजे भेग होती. वाडीच्या वरच्या वरकस, गवताच्या रानात आडवी, दोन्ही टोकं धुक्यात गेलेली.

"ही भूकंपातली," नानामामा शांतपणे म्हणाले. "माझ्या बापानं दावलेली."

कोयनेच्या या मुलखात जमीन हलते हे कोणाला नवं नाही. येताना प्रत्येक घराच्या भिंतीत मी चिरा पाहिल्या होत्या आणि प्रत्येक चिरेची गोष्ट घरच्यांनी कौतुकाने सांगितली होती: ही आजोबांच्या वेळची, ही थोरलीच्या लग्नाच्या वर्षाची. त्यामुळे डोंगराला भेग दिसली की ती जुनीच, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं. जिथे जमीन कधी हलत नाही तिथल्या माणसांनी ही भेग बघून त्याच दिवशी गाव सोडलं असतं. इथल्यांना ती ओळखीची वाटत होती.

मी वाकून पाहिलं. भेगेच्या दोन्ही कडांवरचं गवत हिरवं होतं. आत तुटलेली मुळं पांढरीशुभ्र होती. खालची कड वरच्या कडेपेक्षा खाली बसली होती आणि पलीकडचं फणसाचं झाड वाडीच्या दिशेने कललं होतं.

"मामा, जुनी भेग असती तर मुळं काळी पडली असती. ही याच पावसातली आहे. पाणी आत चाललंय. डोंगराचा हा सगळा भाग सुटायला लागलाय."

त्यांनी मुळाला हात लावला. बोटावरचा पांढरा चीक बघितला. मला वाटलं, पटलं. पण ते म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. खोटं सांगत न्हाई तुमी. पर मी जाऊ शकत न्हाई."

का, ते मामींनी सांगितलं, भांडी रिकामी करताना. "त्यास्नी डोंगराचं भ्याव न्हाई. उंबराईचा दिवा कोण लावणार, ह्येचं हाय. सासऱ्यांच्या मयताच्या दिवशी बी दिवा हुकला न्हाई. आन् लोक म्हणत्यात, नाना हाय तवर देवी हाय, देवी हाय तवर डोंगर हाय. मग सांगा, हे कसं उठत्याल?"

संध्याकाळी उत्तमरावांनी शेवटचं विचारलं. "नाना, नोटीस येऊन किती दिस झालं. मी वर काय सांगू?"

"सांगा, सकाळी कौल लावतो. ती जा म्हणली तर जातो."

उत्तमरावांना हायसं वाटलं. मला नाही. कौल म्हणजे देवीच्या दोन खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि डावी पडली, तर मग या वाडीला हलवायला जगात कोणी उरणार नव्हतं. बाईंना मी काय सांगणार होतो?

दुसरा दिवस

सकाळी सगळी वाडी देवळात होती. लहान देऊळ, दगडी भिंती, वर पत्रा. पाठीमागे लगेच डोंगर. नानामामांनी ओलेत्याने पूजा केली, दोन कळ्या भिजवल्या आणि देवीच्या काळ्या दगडी खांद्यांवर एकेक लावली. हात जोडून म्हणाले, "आये, आमी खाली जावं का? जावं तर उजवी दे, ऱ्हावं तर डावी दे."

आणि आम्ही बसून राहिलो.

पावसात हवा इतकी ओली होती की कळ्या हलेनात. समईच्या ज्योतीसुद्धा सरळ होत नव्हत्या. लोक हळूहळू कुजबुजायला लागले.

"कळ्या लय भिजवल्या नानानं."

"लाव की मग तू."

"आज देवी बी नोटीस वाचत बसलीया जणू."

"वाचू दे. तुला तर आजून वाचाय आली न्हाई."

हशा झाला आणि त्याच वेळी डोंगरावरून काहीतरी गडगडत खाली आलं. एकच दगड असावा. देवळामागच्या झाडीत तो थांबला. हसणं तिथल्या तिथे बंद झालं. एका म्हातारीने शेजारणीचा हात धरला.

मी उत्तमरावांजवळ सरकलो. "किती वेळ लागतो?"

"कवा लगीच. कवा दुपार होती. पर कौल लावून मधीच उठायचं नसतं. उठला त्याला देवी पुन्हा उत्तर देत न्हाई, आसं म्हणत्यात."

मी कळ्यांकडे बघत होतो. मला देवीवर राग नव्हता. आमच्या घरीही खंडोबाला विचारल्याशिवाय कळप हलत नाही. मी फक्त मनात म्हणत होतो, उजवी. उजवी.

मामी तेवढ्यात दारात आल्या. त्या झऱ्यावर पाणी आणायला गेल्या होत्या. हा झरा वाडीच्या वरच्या अंगाला, तिथलंच पाणी सगळे पितात. त्यांनी कळशी उंबऱ्यावर ठेवली. आतलं पाणी चहासारखं होतं.

"माझ्या लग्नापास्नं ह्यो झरा गढूळ झाला न्हवता," मामी म्हणाल्या. "आन् धार निम्मी झालीया. एवढ्या पावसात धार निम्मी."

पाऊस वाढतोय आणि झरा आटतोय, म्हणजे पाणी आत कुठेतरी अडलंय आणि माती भिजून फुगतेय. मी ते मोठ्याने सांगितलं. पुरुष उठून कळशीत डोकावून पुन्हा आपल्या जागी बसले. कोणी दाराबाहेर गेलं नाही. सगळ्यांचे डोळे नानामामांकडे होते आणि नानामामांचे कळ्यांकडे.

तेव्हा मला सर्जेरावांची चुलती आठवली, माडीवर बसलेली, हात मागे घेणारी. तिला बोटीत बसायचं नव्हतं असं नव्हतंच. आणि इथेही कोणाला मरायचं नव्हतं. देवी आणि म्हैस यांची तुलना कोणापुढे बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. मी फक्त विचारलं, "मामा, जत्रेत देवी देवळातच बसते का?"

"न्हाई. मुखवटा पालखीत बसतो. वढ्यापलीकडं माळावर जाती. तिथं एक मुक्काम."

"त्या दिवशी दिवा कुठे लागतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मामींनी दिलं. "पालखीम्होरं लागतो. कुठं लागणार."

आणि मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, सगळ्यांदेखत, आवाज न चढवता, "आवं, मघाधरनं तिला इचारताय, आमी जाऊ का. आमी म्हंजे कोण? तिला सोडून? ती काय म्हणून हू म्हणंल?"

नानामामा हात जोडून बसलेले होते, ते तसेच उठले. कौल अर्धा टाकून. मागून कोणीतरी "नाना" म्हणालं, थांबवल्यासारखं. ते थांबले नाहीत. गाभाऱ्याच्या कोनाड्यातला पितळी मुखवटा त्यांनी उचलला, कपाळाला लावला.

"पालखी काढा," ते म्हणाले.

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. पालखी उचलली गेली आणि वाडी तिच्या मागे निघाली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. म्हातारी माणसं पाठीवर, लेकरं कडेवर, गुरं दाव्यासकट. हलगी नव्हती; एकाने परात घेतली आणि काठीने वाजवत पुढे झाला. मामींनी समईतली ज्योत कंदिलात घेतली आणि पदराखाली धरली.

ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला होता. मला पोहता येत नाही हे मला तिथे फार स्पष्ट आठवलं. उत्तमरावांनी दोर बांधला, माणसांची साखळी झाली, पालखी डोक्यांवरून पलीकडे गेली. माझ्या पुढे एक म्हातारे आजोबा होते. पाणी गुडघ्यावर आलं तसा मी त्यांचा दंड घट्ट धरला. ते म्हणाले, "हळू धर रं गड्या. पडशील तू आन् नाव माझं हुईल." मधल्या धारेत माझा एक बूट गेला. पलीकडे पोचल्यावर मी मोजत बसलो नाही, उत्तमराव मोजत होते. त्यांनी दोनदा मोजलं आणि मग खाली बसले.

शाळेत पोचलो तेव्हा कंदील अजून जळत होता.

पत्र

वर मागे वळून बघण्यासारखं काही दिसत नव्हतं, सगळं धुकं. मी तिथे आणखी काही दिवस राहिलो, मग सांगलीला पाणी चढतंय म्हणून संस्थेने मला परत बोलावलं. निघताना पाटणहून बाईंना हे पत्र टाकलं. फोन करून उपयोग नव्हता. ते मिळाल्या दिवशीच बाईंनी भावाला पत्र लिहिलं. माझं पत्र त्यांनी जपून ठेवलंय, ते त्यांच्याकडून मागून घेऊन इथे उतरवतो.

तीर्थरूप बाईंना,
साष्टांग नमस्कार.

नानामामा, मामी आणि सगळी वाडी खालच्या शाळेत आहे. सगळे सुखरूप आहेत. तुमची डाळिंबं मुलांनी संपवली. चटणी कृष्णाकाठीच संपली, त्याबद्दल क्षमा असावी.

उंबराईचा मुखवटा चौथीच्या वर्गात फळ्याखाली ठेवला आहे. दिवा एकदाही हुकलेला नाही. मामींनी तो पदराखाली आणला.

आता कठीण गोष्ट लिहितो. डोंगर अजून उभा आहे. रोज सकाळी धुकं उठलं की सगळे व्हरांड्यात येऊन बघतात आणि मला म्हणतात, "पावणं, हाय की जागंवर." मी काय उत्तर देऊ? तो पडावा असं मी कसं म्हणेन? उत्तमरावांबरोबर समोरच्या उतारावर जाऊन मी पाहिलं. फणसाचं झाड आडवं झालंय आणि भेग रुंद झालीय. पण घरं तशीच उभी आहेत, आणि घरं दिसत राहिली की माणसाला परत जावंसं वाटतं. भाताची लावणी राहिलीय. दोघं-तिघं गुपचूप वर जाऊन आली. मी उद्या निघणार. पाऊस संपेपर्यंत यांना धरून ठेवणारं इथे कोणी नाही, नानामामांखेरीज. आणि नानामामांना धरून ठेवणारं तुमच्याखेरीज कोणी नाही. तुम्ही त्यांना पत्र लिहा. तुमची पत्रं ते मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे सगळी वाडी ऐकेल. खाली राहा, एवढंच लिहिलंत तरी पुरे.

ते मधेच कौल टाकून उठले, याचं त्यांना फार लागलंय. काल मी घाबरत विचारलं, "मामा, कळ्या तिथेच राहिल्या. पडल्या तर आपल्याला कळणार कसं?" त्यांनी दिव्यात तेल घातलं. मग जे म्हणाले ते फोनवर तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो:

"ती सांगंल तवा सांगंल. तिचं ऐकायला डोंगराखालीच बसाय पायजे, आसं कुठं हाय."

आपला विद्यार्थी,
संभाजी